कार्बन बोनेटचं लॅकर: दिवाळी ते पावसाळा, आणि डावी कड

दिवाळीत माझ्या गाडीच्या कार्बन फायबरच्या बोनेटवर नवं लॅकर, म्हणजे वरचा चमकदार पारदर्शक थर, मारून घेतलं. पहिल्या पावसानंतर गाडी पुसताना डाव्या हेडलाइटच्या वर, बोनेटच्या अगदी कडेला नखाएवढा पांढरट डाग दिसला. टोकरून पाहिलं तर लॅकरचा पापुद्राच निघाला. बाकीचं बोनेट आजही असं चमकतं की पेट्रोल पंपावरची पोरं हात लावून बघतात. पण माझी नजर आता त्या कडेवरून हलत नाही, त्यामुळे हा अनुभव कडेचाच जास्त होणार, आधीच सांगतो.

गाडी पोलो, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. बोनेट आधीच्या मालकाने बसवलेलं, बाहेरच्या बनावटीचं. लातूरच्या उन्हात उभी राहून ते मधोमध पिवळं आणि कडांना दुधाळ झालं. कार्बनला ऊन काही करत नाही, पिवळं पडतं ते त्याचे धागे धरून ठेवणारं इपॉक्सी, म्हणजे राळ. त्याच्यावर उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण अडवणारं लॅकर असतं तोवर निभावतं. लॅकर मेलं की ऊन थेट इपॉक्सीवर.

पेंटरकडे जायच्या आधी संभाजीनगरच्या एका डिटेलिंग स्टुडिओला 14,000 मोजून झाले होते. मशीन पॉलिश, वर सिरॅमिक कोटिंग, पाच वर्षांची वॉरंटी, लॅमिनेट केलेलं कार्ड. तो पावसाळा सरायच्या आत बोनेट पुन्हा दुधाळ. फोन केला तर उत्तर आलं, "सर, वॉरंटी कोटिंगची आहे, आणि कोटिंग शाबूत आहे. गेलंय ते खालचं लॅकर." मग ते गेलेलं लॅकर पैसे घेताना दिसलं नव्हतं का? ओल आलेल्या भिंतीला ऑइल पेंट मारायचा आणि रंगाची हमी द्यायची, तसला हिशोब. पुढचा सल्ला तर कळस होता: नवीन बोनेट घ्या, 45,000 ला बसवून देतो. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच. कार्ड अजून माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.

काम शेवटी झालं ते औसा रोडच्या बाजूला ट्रकच्या केबिन आणि बुलेटच्या टाक्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडे. सगळे त्यांना मामू म्हणतात. त्यांनी बोनेटवर पाणी ओतलं, ओलं असताना एका डोळ्याने तिरपं बघितलं आणि म्हणाले, "कापड चांगलं हाय सर. वरची काच गेली. काच नवी टाकू." ओलं केल्यावर कार्बनच्या कापडाची वीण स्वच्छ दिसते म्हणजे खालचं धड आहे, ही तपासणी फुकट आहे. स्टुडिओत कुणाला सुचली नाही.

मटेरियल मी आणलं: 2के क्लिअर (हार्डनर मिसळून कडक होणारं पारदर्शक लॅकर), त्याचाच हार्डनर, थिनर आणि वॉटर पेपर. स्प्रेच्या डब्यातलं साधं, हार्डनर नसलेलं 1के लॅकर निम्म्या पैशात येतं, पण पेट्रोलचा ओघळ लागला की ते मऊ पडतं. बोनेटवर ते नको. काटकसर करायची तर मजुरीत घासाघीस करा, डब्यात नको. आणखी एक खर्च मी हट्टाने केला, तो कार्ट्रिजवाल्या मास्कचा. 2के च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवारताना ते फुप्फुसात जातं, तोंडाला बांधलेला रुमाल त्याला काही अडवत नाही. मामू आधी हसले. आता तोच मास्क घालून ट्रक रंगवतात, मला परत मिळालेला नाही.

घासकाम हाच सगळा जीव. आधी 400 नंबरचा पेपर, मग 600 चा, पाणी सोडत. पाणी पांढरं उतरतंय तोवर लॅकर निघतंय. काळपट व्हायला लागलं की थांबायचं, कारण मग तुम्ही कार्बनच्या धाग्यावर आलात. धागा कापला गेला तर वरून कितीही लॅकर मारा, ती जागा वेगळ्या छटेची दिसतेच. म्हणून मध्यभागी थोडा पिवळेपणा आम्ही तसाच ठेवलाय. सकाळच्या उन्हात मला दिसतो, बायकोला दिसत नाही.

पाण्यावरून आमच्याकडे बोलणी झाली ती वेगळीच. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे शहर, इथं बोनेट घासायला पाइप सोडून बसलं तर शेजारी बघतात. बादली आणि स्पंजवर भागवलं. शेवटचा हात मात्र बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने, कारण बोअरचं पाणी वाळलं की क्षार राहतात, आणि लॅकरखाली अडकलेला क्षाराचा डाग कायमचा.

लॅकरचे तीन हात झाले. दोन हातांमध्ये, बोट लावलं तर लॅकरची तार सुटेना इतकं सुकू दिलं. पंधरवड्याने 1500, 2000, 3000 चा पेपर आणि मग कंपाउंड.

आता कड. पातळ लॅकर धारदार कडेवर टिकत नाही, ओलं असतानाच तिथून मागे सरकतं. शिवाय घासताना पेपरचा सगळा दाब कडेवरच येतो. म्हणजे जिथे थर आधीच पातळ, तिथेच तो आणखी झिजतो. त्यात बोनेट गाडीवरच ठेवून कडेला टेप लावून फवारलं तर टेप काढल्यावर उघडी रेघ राहते, आणि पाणी आत शिरतं ते तिथूनच. म्हणून मी बोनेट उतरवूनच घ्यायला लावलं. बिजागरीचे बोल्ट आणि काच धुणाऱ्या पाण्याची नळी, एवढंच तर काम. कड पेपरने किंचित गोल केली, खालच्या बाजूलाही दोन बोटं घासून तिथपर्यंत लॅकर वळवलं. मामू वैतागले, "एवढं तर नवरीच्या गाडीला पण करत नाय." पण केलं.

पहिला महिना मी नाराजच होतो. लॅकरवर संत्र्याच्या सालीचा खडबडीतपणा राहिला होता, पुढच्या बाजूला जास्त. पुन्हा घासा म्हणालो तर मामूंनी चक्क नकार दिला, "घासला तर थर जाईल." मला तो आळस वाटला. मग गाळप हंगाम आला. कारखान्याच्या रस्त्याने रोज जाणं, धुराड्याची काजळी, उसाच्या ट्रॉलीमागून उडणारी खडी. पुढच्या बाजूला टवके पडले, पण एकही खाली विणेपर्यंत गेला नाही. उन्हाळ्यात दुपारी बोनेटवर हात ठेववत नव्हता, तरी पिवळेपणा वाढला नाही. तेव्हापासून त्या सालीबद्दल मी तोंड उघडलेलं नाही. थर हवाच होता.

आणि मग हा डाग. आधी मामूंवरच शंका गेली, पण मग बोनेट आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यामधल्या फटीत रुपयाचं नाणं घालून बघितलं. उजव्या बाजूला सहज सरकतं, डाव्या बाजूला पुढच्या कोपऱ्यात शिरतच नाही. बनवणाऱ्याचा साचाच तिरका, बोल्ट ढिले करून जेवढं सरकतं तेवढं आधीच सरकवलंय. खड्ड्यात गाडी आदळली की बोनेट फेंडरला घासतं, आणि लातूर-नांदेड प्रवासात आदळण्याची काय कमी. असं बोनेट विकत घेणार असाल तर चमक नंतर बघा, आधी चारही बाजूंनी नाणं फिरवा.

मामू म्हणाले, आत्ता हात लावायचा नाही. पावसाळी हवेत हार्डनर ओल ओढतो, बारीक बुडबुडे धरतात. तोवर कडेला पारदर्शक टेप लावलाय, 60 रुपये. पाऊस उघडला की तो कोपरा आतून थोडा तासून फट वाढवायची आणि वीतभर जागा नव्याने फवारायची. मजुरी घेणार नाही म्हणालेत. लॅकरचा डबा अर्धा शिल्लक आहे, पण उघडलेला हार्डनर एव्हाना जमला असणार. तेवढा नवा आणावा लागेल, आणि दुकानदार छोटी बाटली सुटी देत नाही.