डायरएन्व्ह: प्रत्येक प्रोजेक्टला त्याचेच व्हेरिएबल

डायरएन्व्ह म्हणजे फोल्डरनुसार एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम टर्मिनलकडून वाचतात त्या सेटिंग्ज) बदलणारं टूल. त्याच्याकडे मी वळले ते एका साध्या सी प्रोग्रॅममुळे. त्याने मला दोन दिवस अडवून ठेवलं होतं. फाइलच्या पहिल्याच ओळीत स्ट्रिंग डॉट एच ही हेडर फाइल (हिच्यात फंक्शनची डिक्लेरेशन असतात) इन्क्लूड केलेली, तरी जीसीसी या कंपायलरचं पालुपद एकच: स्ट्रलेन या फंक्शनचं डिक्लेरेशन नाही. जीसीसी १४ पासून ही थेट एरर आहे, मुद्दाम वेगळा पर्याय दिल्याशिवाय नुसत्या वॉर्निंगवर भागत नाही. कोड चार वेळा वाचला. दोष कोडमध्ये नव्हताच.

'जीसीसी डॅश व्ही' (सगळा तपशील दाखवणारा पर्याय) लावून कंपाइल केलं तेव्हा उलगडा झाला. हेडर शोधायच्या जागांच्या यादीत सगळ्यात वर नुसतं एक टिंब. टिंब म्हणजे चालू फोल्डर, आणि त्यात आमच्याच प्रोजेक्टची स्ट्रिंग डॉट एच नावाची फाइल! कंपायलर तीच उचलत होता. एका जुन्या एसडीकेच्या (डेव्हलपमेंटच्या टूलसंचाच्या) इन्स्टॉलरने बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना चालणाऱ्या फाइलमध्ये, सीपाथ हा व्हेरिएबल ठरवणारी ओळ घातली होती: आधी स्वतःचं फोल्डर, मग कोलन, मग आधीचा सीपाथ. हेडर कुठे शोधायचे ते जीसीसी या सीपाथमधून वाचतो. आधीचा रिकामाच, त्यामुळे शेवटी कोलन लोंबकळत राहिला, आणि कोलनपुढची रिकामी जागा जीसीसी चालू फोल्डर मानतो. एसडीके मी केव्हाच काढलं होतं. ओळ तशीच राहिली होती.

ती पुसून भागलं असतं, पण दुसऱ्या एका बोर्डच्या कामाला सीपाथ खरंच लागतो. म्हणून डायरएन्व्ह टाकलं आणि तेव्हापासून रोज वापरते. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये डॉट एन्व्हआरसी फाइल ठेवायची. सीडी करून आत गेलं की व्हेरिएबल लागू, बाहेर पडलं की पूर्ववत. आत शिरताच एक ओळ उमटते: अधिक म्हणजे नवा व्हेरिएबल, वजा म्हणजे काढलेला, लाटेचं चिन्ह म्हणजे बदललेला. 'वजा सीपाथ' पहिल्यांदा दिसलं तेव्हा जिवात जीव आला. ज्या प्रोजेक्टला सीपाथ हवा आहे तिथे डायरएन्व्हचंच पाथ-अॅड हे फंक्शन वापरते, म्हणजे कोलन हाताने जोडायला नको. फाइल बदलली की 'डायरएन्व्ह अलाऊ' पुन्हा द्यावं लागतं. आधी कटकट वाटली, पण दुसऱ्याच्या रेपोमधलं काही नुसत्या सीडीने चालू होऊ नये, यासाठी ते हवंच.

आयकॉनवरून उघडलेल्या एडिटरला मात्र यातलं काही कळत नाही. टर्मिनलमधून उघडा किंवा प्लगइन टाका. आणि सीमेक हे बिल्डची तयारी करणारं टूल वापरत असाल तर जपून: सीसी हा कंपायलर ठरवणारा व्हेरिएबल ते पहिल्या कॉन्फिगरलाच वाचून कॅशमध्ये ठेवतं. एन्व्हआरसीत कंपायलर बदलला तरी बिल्ड जुन्याच कंपायलरने होत राहतं. बिल्ड फोल्डर पुसा आणि नव्याने कॉन्फिगर करा. हे कळेपर्यंत माझी एक अख्खी दुपार गेली.