चाकं खोलून धुणारं कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं दुकान

गाडी २०१९ ची बलेनो, वरचं मॉडेल, १६ इंची डायमंड कट अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमची चाकं. या मे महिन्यात एका रविवारी पायरीवर बसून चाकांकडं नीट बघितलं आणि वाईट वाटलं. पुढच्या दोन्ही चाकांवर चहाच्या पातेल्याच्या बुडासारखा तपकिरी थर, स्पोकच्या बेचक्यात काळं किटण, आणि हात फिरवला तर सॅंडपेपरवर फिरवल्यासारखं खरखरीत. आई म्हणाली, चिंच लावून बघ. पितळेच्या समईला चिंच चालते, पण अलॉयवर आंबट काही लावायचं नाही हे मी एकदा पैसे मोजून शिकलोय. ते पुढं सांगतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. त्यामुळं ही काळी भुकटी काय असते ते मला चांगलं माहीत आहे. ब्रेकची डिस्क बीडाची असते, ग्रे कास्ट आयर्न, आम्ही रोज ओततो तीच जात. ब्रेक मारला की पॅडही झिजतं आणि डिस्कही झिजते, आणि दोघांची गरमागरम भुकटी चाकावर जाऊन बसते. आमचं जाणंयेणं गगनबावड्याकडनं कोकणात, म्हणजे घाट उतरताना ब्रेक तापणारच. तापलेला लोखंडाचा कण चाकावरच्या लॅकरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक रंगाच्या थरात, रुततो. मग पाणी लागलं की तो तिथंच गंजतो, फुगतो, आणि नारिंगी ठिपका दिसायला लागतो. शांपूनं कितीही धुवा, ठिपका हलत नाही, कारण तो रुतलेला असतो. मागं ड्रम ब्रेक, त्याची भुकटी बंद डब्यातच राहते, म्हणून मागची चाकं त्या मानानं स्वच्छ. त्यात आमच्या पार्किंगमध्ये फेटलिंगची, म्हणजे ओतीव माल घासून साफ करतानाची, धूळ उडत येते, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल, आणि हायवेच्या कामाचं डांबर. एका चाकावर एवढं सगळं.

आता ते पैसे मोजून शिकलेलं. दोन वर्षांपूर्वी हायवेलगतच्या एका वॉशिंग सेंटरवर गाडी धुवायला दिली होती. तिथल्या पोरानं एका बिननावाच्या कॅनमधलं काहीतरी चाकांवर फवारलं. सर्रकन फेस आला, नाकाला झोंबलं, आणि दोन मिनिटांत चाकं लख्ख. ते ॲसिड होतं. पुढच्या पावसाळ्यात स्पोकच्या कडेला लॅकरच्या खाली पांढऱ्या रेघा उमटल्या, सुरवंट चालत गेल्यासारख्या. आणि त्या पोराच्या हातात ग्लोव्हज नव्हते, ही गोष्ट मला आजही खटकते. चाकं धुवायच्या काही ॲसिडांमध्ये हायड्रोफ्लोरिकच्या जातीचं आम्ल असतं. ते कातडीतून आत शिरतं आणि हाडापर्यंत जातं, आणि सुरुवातीला दुखतही नाही. गाडीचं सोडा, कामगाराच्या हाताला तरी जपायला हवं.

या दुकानाचा पत्ता मला आमच्या मशीनशॉपमधल्या एकानं दिला. उद्यमनगरात, लेथच्या दुकानांच्या रांगेत एक अरुंद बोळ आहे, त्यात आत दोन गाड्या मावतील एवढी शेड. बाहेरून बघितलं तर कुणी थांबणार नाही. मी शनिवारी साडेनऊला पोचलो. मालक पस्तिशीचे असतील. गाडीजवळ आले, खाली बसले, खिशातनं छोटी बॅटरी काढली आणि पुढचं डावं चाक दहा मिनिटं बघत राहिले. नखानं एका ठिकाणी खरवडून बघितलं. मग विचारलं,

"साहेब, ह्याला ॲसिड मारलंय काय कुणी?"

मी होय म्हटलं.

"बघा, काळं सगळं काढतो. नारिंगी ठिपकं बी जातील. पण ह्या पांढऱ्या रेघा न्हाई जायच्या. ह्या लॅकरच्या खाली हाईत. कोण जातील म्हणालं तर इश्वास ठेवू नका."

हे ऐकलं आणि गाडी तिथंच द्यायची ठरवली. डायमंड कट चाकाचं तोंड लेथवर कातलेलं उघडं ॲल्युमिनियम असतं, त्याच्यावर फक्त पारदर्शक लॅकर. लॅकरला बारीक तडा गेला किंवा ॲसिडनं ते खाल्लं की आत ओल शिरते आणि गंज लॅकरच्या खालून सरकत जातो. तिथवर कुठलाच ब्रश पोचत नाही. चाक परत लेथवर लावून तोंड कातणं आणि नवं लॅकर मारणं हा एकच उपाय, आणि प्रत्येक वेळी धातू कमी होतो म्हणून तेही एखाददुसऱ्या वेळेलाच करायचं. बहुतेक दुकानांत हे कुणी आपणहून बोलत नाही.

काम बघायला मी थांबलो. चाकं गार होईपर्यंत त्यांनी पाण्याला हात लावला नाही. मग गाडी स्टँडवर चढवली आणि चारही चाकं खोलली. मला सगळ्यात आवडलं ते हे. चाक गाडीवर असताना फक्त तोंड धुतलं जातं. खोलून उलटं ठेवलं तेव्हा आतल्या बाजूला सहा वर्षांचा थर होता, डांबराचे गोळे होते, आणि बॅलन्सिंगच्या वेटभोवती चिखल सिमेंटसारखा घट्ट झाला होता. आधी प्रेशरनं नुसतं पाणी, मग टायरच्या रबराला वेगळा ब्रश आणि वेगळं पाणी. टायरची तपकिरी घाण चाकाच्या बादलीत जाऊ दिली नाही.

मग लोखंड काढायचं औषध. बाटलीतनं पारदर्शक फवारा मारला, आणि अर्ध्या मिनिटात ठिकठिकाणी जांभळे थेंब फुटायला लागले. थेंबांचे ओघळ झाले, ओघळ स्पोकवरून खाली उतरले, आणि शेडच्या फरशीवर जांभळाच्या झाडाखाली सडा पडतो तसा रंग पसरला. पुढच्या चाकांवर गडद, मागच्यांवर फिकट. जिथं डिस्क तिथं जांभळं, जिथं ड्रम तिथं जवळजवळ काही नाही. अठरा वर्षं लोखंडात काम करूनही मी तिथं पाहत उभा राहिलो. वास मात्र नासक्या अंड्याचा. त्यात थायोग्लायकोलेट असतं, पार्लरमध्ये केस कुरळे करायला वापरतात त्या जातीचं. ते लोखंडाला धरतं आणि जांभळं होतं, ॲल्युमिनियमला आणि लॅकरला मात्र हात लावत नाही. अट एकच, चाकावर वाळू द्यायचं नाही. त्यांचा पोरगा मोबाइलवर वेळ लावून बसला होता, चार मिनिटं झाली की पाणी. पुढच्या चाकांना दुसरा हात दिला, तेव्हा जांभळं अगदी थोडं आलं. त्याच्या हातात ग्लोव्हज होते, हे मी मुद्दाम बघितलं.

डांबराला वेगळं सॉल्व्हंट, दोन मिनिटांत विरघळलं. मग शांपूचं पाणी शिंपडत क्ले फिरवली. ती मऊ मातीसारखी वडी, राहिलेलं उचलते. पोरग्यानं माझा हात धरून चाकावर फिरवला, काचेसारखं. नटाच्या भोकांत पेन्सिलएवढा ब्रश घातला. या पोराला जरूर पैसे वाढवून द्या, असं मी मालकांना म्हणालो.

दर बोलला होता ४,८०० रुपये, चार चाकांची आतबाहेर सफाई आणि वर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे घाण रुतू न देणारा पातळ थर. कोटिंगच्या आधी चाकं अल्कोहोलनं पुसली, मग स्पंजनं थोडं थोडं लावून लगेच मायक्रोफायबरनं पुसून घेतलं. पुढच्या डाव्या चाकाच्या तोंडाला मात्र लावलं नाही. मालक म्हणाले, गंज चालू असलेल्या जागेवर कोटिंग लावलं तर तो आतल्या आत वाढतच राहणार, आणि उद्या लेथवर कातलं की कोटिंगही निघून जाणार. ५०० रुपये कमी केले, मी मागितले नव्हते. चाकं रात्रभर शेडमध्ये ठेवून घेतली, गाडी रविवारी दुपारी मिळाली.

नट हातानं बसवले, मग टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं, समोरासमोर फुलीत आवळले. इम्पॅक्ट गननं घर्रकन आवळून मोकळं होणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यात स्टड ताणले जातात. १०० किलोमीटर झाले की परत दाखवायला या म्हणाले, गेलो, पैसे घेतले नाहीत. निघताना डिस्कवर तांबूस थर दिसला म्हणून बायको घाबरली. बीड पाण्यानं तासाभरात तांबारतंच, गल्लीच्या तोंडापर्यंत दोन ब्रेक मारले की साफ होतं.

उणं सांगायचं तर, बसायला जागा नाही, एक प्लास्टिकचं स्टूल आणि त्यावर हत्यारं. शनिवारी सोडून रविवारी न्यायची म्हणजे एक दिवस गाडीशिवाय काढावा लागतो, आणि हे फोनवर सांगितलं नव्हतं. एका चाकाचा मधला कॅप बसवताना त्याची एक खीळ मोडली. त्यांनी सांगून टाकलं आणि आठवड्यात नवा आणून बसवला, पण मोडली ती मोडलीच. कार्ड चालत नाही, रोख किंवा यूपीआय.

आता गणपती झाल्यावर लिहितोय, म्हणजे पूर्ण पावसाळा घालवून. पाच वेळा घाट झाला. कोटिंगनं ब्रेकची भुकटी येणं थांबत नाही, ते कुणालाच शक्य नाही. फरक एवढाच की ती रुतत नाही. पूर्वी ब्रशनं घासून जे निघायचं नाही ते आता बादलीभर शांपूच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं निघतं. पंधरा दिवसांतनं एकदा रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. माझी मुलगी आठवीत आहे, ती म्हणते, "बाबा, पुढची दोन मी धुतो." वीस मिनिटांत चारही होतात. मागच्या चाकांवर पाण्याचे मणी अजून टिच्चून उभे राहतात, पुढच्या उजव्यावर जरा पसरायला लागलेत. भांड्याची घासणी आणि साबणाचा सोडा मात्र घरात सगळ्यांना बंद केलाय.

पुढच्या डाव्या चाकावरची सगळ्यात लांब रेघ मी मे महिन्यात व्हर्नियरनं मोजून ठेवली होती, १८ मिलिमीटर. काल मोजली, २३ झालीय. मालक म्हणाले तसंच. दिवाळीनंतर ते चाक लेथवर जाईल, आणि तिथनं आलं की राहिलेलं कोटिंग मारायला परत याच बोळात.