पोस्टग्रेसचा सिक्वेन्स आणि दिवाणजींचं १८७ नंबरचं बिल

कोल्हापुरातल्या एका भांड्यांच्या दुकानाचं बिलिंग मी सांभाळतो. दुकानात दोन काउंटर, तिसरा गोडाऊनला. आधीचा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेसमधला, माझ्याच हातचा. त्यात बिल नंबर काढायची रीत एकदम साधी: टेबलातला सगळ्यात मोठा नंबर शोधायचा, त्यात एक मिळवायचा. एकच माणूस बिलं करत होता तोवर ठीक होतं. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दोन काउंटरांनी एकदमच १४११ वाचला आणि दोन गिऱ्हाइकं १४१२ नंबरचं बिल घेऊन घरी गेली. एकाची पितळी घागर, दुसऱ्याचा कुकर.

म्हणून पोस्टग्रेस हा डेटाबेस. फुकट आहे, दुकानातल्या जुन्या पीसीवर निवांत चालतं. वर्षभरात मी त्या मशीनला एकदाच हात लावला, तोही यूपीएसची बॅटरी बदलायला.

त्यातला सिक्वेन्स म्हणजे बँकेतलं टोकनचं मशीन. नेक्स्टव्हॅल ही आज्ञा दिली की पुढचा आकडा हातात, आणि तोच आकडा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. डबल नंबर त्या दिवसापासून बंद. मी खूश, मालक खूश. दिवाणजी नाही.

"१८६ आहे, १८८ आहे. मधलं १८७ कुठं गेलं हो?"

झालं असं की काउंटरवरच्या मुलीनं शिलकीपेक्षा जास्त डबे टाकले, प्रोग्रॅमनं बिल नाकारलं, सगळं रोलबॅक झालं, म्हणजे अर्धवट नोंदी पुसून आधीसारखं झालं. सिक्वेन्स मात्र रोलबॅकला जुमानत नाही. हे मुद्दाम तसंच केलंय. दिलेला नंबर परत घ्यायचा ठरवला, तर पहिल्याचं बिल पूर्ण होईपर्यंत बाकीच्यांना ताटकळत ठेवावं लागेल. खंड न पडणाऱ्या नंबरांसाठी हे वापरता येणार नाही, असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. वर वेग हवा म्हणून सिक्वेन्सचा कॅश, म्हणजे एका वेळी आगाऊ उचलायच्या नंबरांचा साठा, २० करून ठेवला होता. मग काय, प्रत्येक कनेक्शननं वीस-वीस नंबर खिशात घातले, आणि गोडाऊनचं सकाळचं बिल २४१, तर दुकानातलं दुपारचं २२३!

दिवाणजींचा हट्ट उगाच नव्हता. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर क्रमवार हवा, वर्षात पुन्हा येता कामा नये, आणि तिरक्या रेघा धरून १६ अक्षरांत बसला पाहिजे. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या तक्ता १३ मध्ये कुठून कुठपर्यंत नंबर वापरले, त्यातले रद्द किती, हे भरायचं असतं. १८७ रद्द म्हणून दाखवायचं, तर ते बिल कधी बनलंच नव्हतं.

उपाय पोस्टग्रेसमध्येच सापडला. एक छोटं टेबल: सिरीज, आर्थिक वर्ष, शेवटचा नंबर. अपडेट करून त्यात एक मिळवायचा आणि रिटर्निंगनं तोच आकडा लगेच घ्यायचा. ती ओळ कमिट होईपर्यंत, म्हणजे बिल पक्कं नोंदलं जाईपर्यंत, लॉक राहते, दुसऱ्याला बदलता येत नाही. बिल फसलं तर आकडाही मागे येतो. पहिल्या दिवशी मी हा नंबर बिल उघडतानाच घेत होतो. एक गिऱ्हाईक पाकीट विसरलं म्हणून घरी गेलं आणि तिन्ही काउंटर अडकले. आता सेव्ह दाबल्यावर, अगदी शेवटी नंबर घेतो. तोवर स्क्रीनवर नुसतं 'कच्चं बिल'. थांबणं कुणाला जाणवतही नाही.

सिक्वेन्स मी काढलेला नाही. डेटाबेसमधल्या नोंदींच्या आतल्या आयडीसाठी तोच आहे, तिथं खंड पडला तरी कुणी विचारत नाही. त्या कामाला पाचपैकी पाच. बिल नंबरला लावलात तर दोन, आणि तेही मॅन्युअलमधल्या खरेपणाला.

गेल्या महिन्याचा तक्ता १३ दिवाणजींनी स्वतः भरला. रद्द ३. तिन्ही बिलं टाचणी लावून फायलीत होती, तरी त्यांनी एकदा मोजून घेतली.