मेलमधला पत्ता काढायला पायथनचं जुनं पार्सअॅडर की नवी पॉलिसी?

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मेलमधल्या ‘फ्रॉम’च्या (पाठवणाऱ्याच्या) ओळीतून नाव आणि पत्ता वेगळा करायची सोय घरचीच आहे, आणि तीही दोन तऱ्हांची. एक जुनं पार्सअॅडर नावाचं फंक्शन, दुसरं पायथन ३.६ पासून पक्कं झालेलं पॉलिसीवालं, म्हणजे मेल कसा वाचायचा याचे नियम (पॉलिसी) आधी ठरवून देण्याचं. मी दोन्ही वापरलीत. रेजेक्सबद्दल (अक्षरांचा साचा देऊन मजकूर शोधण्याबद्दल) काही बोलत नाही, त्या वाटेने आपण सगळेच एकदा जाऊन आलेलो असतो.

पार्सअॅडर मला आवडतं. ओळ द्या, नाव-पत्त्याची जोडी घ्या. लॉग चाळायला अजूनही तेच वापरतो.

फिसकटलं ते आमच्या मुलुंडच्या सोसायटीत. तक्रारीचा मेल आला की पोच जावी, एवढीच स्क्रिप्ट. बऱ्याच जणांची नावं ऑफिसच्या सवयीने ‘आडनाव, नाव’ अशी. इंग्रजीत ती अवतरणात येतात, त्यामुळे निभतं. देवनागरी नाव मात्र बेस६४मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, गुंडाळून येतं, आणि स्वल्पविराम त्या गुंडाळीच्या आत असतो. नाव नीट दिसावं म्हणून मी आधी डिकोड केलं (गुंडाळी सोडवली), मग पार्सअॅडरला दिलं. स्वल्पविराम उघडा पडला, त्याला वाटलं ही दोन माणसं, आणि पत्ता म्हणून हातात आलं नुसतं ‘जोशी’. दादर स्टेशनवर ‘जोशी!’ म्हणून हाक मारली तर दहा माना वळतील. मेल सर्व्हर ढिम्म. सेक्रेटरीकाका तीन आठवडे मला विचारत होते, “अरे, पोच जाते ना नक्की?”

चूक माझीच, आधी पार्स (नाव-पत्ता वेगळा करणं) आणि मग डिकोड हाच क्रम बरोबर. ३.१३पासून पार्सअॅडरही कडक झालंय. अशा वेळी अर्धवट नावाऐवजी रिकामी जोडी परत देतं. पण तो क्रम दर वेळी मी का लक्षात ठेवायचा? पॉलिसीवालं तो स्वतः पाळतं. नाव, यूजरनेम, डोमेन सुटं करून देतं, स्वल्पविराम नावातच राहतो.

त्याचेही नखरे आहेत. मेल उघडताना ‘डिफॉल्ट’ नावाची पॉलिसी, नाव तसं असूनही, हाताने द्यावी लागते; विसरलात तर गुपचूप जुनीच वागणूक मिळते. मला ते हळूही वाटलं. मोजलं नाही, पण जुना मेलबॉक्स चाळायला लावून मी चहा करून आलो तरी चालूच होतं. आणि एका स्पॅमच्या मोडक्या हेडरवर (मेलच्या वरच्या माहितीच्या ओळीवर) एक्सेप्शन, म्हणजे चूक, देऊन आडवं पडलं, तेव्हापासून ती चूक झेलणारं ट्राय-एक्सेप्ट लावून ठेवलंय.

तुमची जुनी स्क्रिप्ट चालत असेल आणि नावं इंग्रजीतच येत असतील, तर उगाच हात लावू नका. नवीन लिहायला बसला असाल तर, माझ्यापुरतं सांगतो, मी पॉलिसीवालंच घेईन. जोशीबाईंना आता पोच वेळेवर जाते. बाथरूमची गळती तेवढी अजून आहे.