पाइप आमचा नव्हता, पैसे मात्र आमचे गेले

गणपतीच्या तोंडावर बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरी ड्रेनेजची तक्रार निघाली आणि तिचे निमित्त करून एका माणसाने आमच्याकडून १८,५०० रुपये उकळले. घरी येण्याचे ३००, पाइपात कॅमेरा घालण्याचे १,८००, केमिकलचे २,४०० आणि फरशी फोडून नवीन पाइप टाकण्यासाठी आगाऊ १४,०००, असा तो हिशेब आहे. फरशी फोडायला कोणी आले नाही. आगाऊ रक्कम खात्यातून गेली त्याच दिवशी संध्याकाळी त्याचा फोन बंद झाला.

त्रास खरा होता, म्हणूनच आम्ही माणूस बोलावला. संडासात पाणी सोडले की ते सावकाश उतरायचे, त्याच वेळी शेजारच्या न्हाणीघरातल्या जाळीतून गुडगुड आवाज यायचा आणि दुपारी घरभर घाण वास पसरायचा. यजमान नोकरीनिमित्त पुण्याला, घरात गुडघेदुखीने बेजार सासूबाई, वर गौरीला येणारे पाहुणे. अशा वेळी फोनवर शोधून जो पहिला नंबर लागला तो आम्ही लावला, यात वेंधळेपणा तो काय? आलेला माणूस स्वच्छ बेळगावी मराठी बोलत होता. "वहिनी, आपल्या माणसांस्नी फसवून आम्ही कुठं जाणार?" असे तो सासूबाईंच्या देखत म्हणाला. नेहमीचे प्लंबर सणाच्या कामांत अडकलेले असताना त्या एका वाक्याने आम्हाला केवढा धीर आला, हे कोणालाही समजेल.

ज्या क्षणाची आठवण मला आजही झोपू देत नाही, तो कॅमेऱ्याचा आहे. त्याने काळी वायर जाळीतून आत सोडली आणि मोबाइलच्या पडद्यावर आम्हाला पाइपाची आतली बाजू दाखवली. सांध्यापाशी मोठी चीर होती आणि चिरेतून मुळ्या आत शिरलेल्या होत्या. पडद्यावरचा तो पाइप तपकिरी, चकाकणारा, जुन्या पद्धतीचा चिनी मातीचा होता. आमचे घर २०११ साली पायापासून नव्याने बांधले तेव्हा चार इंची राखाडी पीव्हीसी पाइप माझ्यासमोर टाकले गेले; गवंड्याने चाळीस फुटांना एक फूट उतार धरून दोरी लावली होती, ती मी पाहिली आहे. चिनी मातीचा एक तुकडाही आमच्या जमिनीत नाही. चित्र माझ्या डोळ्यांसमोर होते, रंग मला दिसत होता, तरी त्या मुळ्या पाहून माझे लक्ष भलतीकडेच गेले, कारण दाखवणाऱ्याने बोटही मुळ्यांवरच ठेवले होते. तो व्हिडिओ आधीच मोबाइलमध्ये साठवलेला होता. कॅमेरा आत असताना वरून तांब्याभर पाणी ओतायला सांगितले असते, तर पडद्यावर पाणी वाहताना दिसायला हवे होते, आणि तिथेच त्याचे पितळ उघडे पडले असते. तुमच्याकडे कोणी कॅमेरा आणला तर ही परीक्षा घेतल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

केमिकलच्या दोन्ही कॅनवर लेबल नव्हते. असले कॅन मोरीत ओतू देऊ नका. संडास साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू होतो, आणि आमच्याकडे त्या दुपारी सासूबाई शेजारच्याच खोलीत झोपलेल्या होत्या.

खरा दोष पुढे शहापुरातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी शोधला. त्यांनी प्रथम अंगणातल्या चेंबरचे झाकण उघडले आणि मला आतून पाणी सोडायला सांगितले. चेंबर कोरडे होते आणि सोडलेले पाणी सरळ वाहून गेले. चेंबर भरलेले असते तर अडथळा पुढे रस्त्याच्या यूजीडीकडे, म्हणजे भुयारी गटाराकडे असता; ते मोकळे होते आणि पाणी येत होते, म्हणजे मुख्य पाइप तुंबलेला नव्हता. "गुडगुड येतंय म्हणजे हवा कोंडली," असे म्हणून ते गच्चीवर गेले. ड्रेनेजला हवा मिळावी म्हणून वर नेलेल्या व्हेंट पाइपाच्या तोंडावरची टोपी उडालेली होती आणि आत पक्ष्याच्या घरट्याच्या काड्या, काथ्या आणि पालापाचोळा घट्ट बसला होता. वरून हवा मिळत नसल्याने संडासाचे पाणी उतरताना न्हाणीघराच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साठून राहणारे पाणी ओढले जात होते, आणि ते पाणी गेले की गटाराचा वास अडवायला काही उरत नाही. सळई, नवी टोपी आणि मजुरी मिळून ४५० रुपये झाले.

त्यानंतरचा अनुभव फसवणुकीइतकाच संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की हा दोघांतला व्यवहार आहे, दिवाणी न्यायालयात जा. खोटे चित्र दाखवून पैसे घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणूक नव्हे काय, असे विचारले तर समोरचा माणूस पुन्हा रजिस्टरमध्ये डोके घालून बसला. बँकेचे म्हणणे असे की पिन तुम्हीच टाकला, रक्कम परत मागता येणार नाही. क्यूआर कोडवर त्या माणसाचे नव्हे, तिसऱ्याच कुणाचे नाव होते, एवढे तरी नोंदवून घ्या, या विनंतीला उत्तरच मिळाले नाही. एका कार्यालयाने माझा मराठी अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा म्हणून परत केला. तक्रारीचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० ने प्रत्येकाला दिला आहे. ते कलम मी छापून नेले, तेव्हा साहेब जेवायला गेले आहेत, असे कळले. लुबाडणारा आमच्याशी मराठीत बोलतो आणि दाद मागायला गेले की मराठी चालत नाही, हे आम्ही सीमाभागातल्या माणसांनी किती वर्षे सोसायचे? मिस्त्रींच्या मदतीने मी अर्ज कन्नडमध्येही लिहून दिला, पण पोचपावती अजून मिळालेली नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार तयार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. सोबत क्यूआर पावत्या, कॉलची यादी, २०११ च्या पाइपांचे बिल आणि उघड्या चेंबरचे फोटो जोडले आहेत. तुम्हीही बिलावर पत्ता नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नका, आणि चेंबर न उघडता फरशी फोडायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

गेल्या आठवड्यात अनगोळच्या माझ्या नणंदेने दुसऱ्याच नावाखाली असलेल्या एका नंबरवर चौकशी केली आणि फोन माझ्या कानाला लावला. आवाज त्याचाच होता आणि कॅमेऱ्याचे त्याने १,८०० रुपयेच सांगितले.