पावसाळ्यात न अडणारं तांत्रिक लेखन: ह्यूगो आणि गिटहब पेजेसचं परीक्षण

कोकणात राहून वेबसाइटी बांधणाऱ्याला आपल्या व्यवसायबंधूंसाठी लिहून ठेवण्यासारखं पुष्कळ असतं. होमस्टेच्या बुकिंग फॉर्ममध्ये मध्यरात्रीची तारीख एक दिवस मागे का जाते, आंब्याच्या पेटीचे फोटो मोबाइलवर का रेंगाळतात, मराठी फॉर्ममधून आलेली नावं डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हं होऊन का बसतात. हे सगळं मराठीत लिहिलं जायला हवं, कारण लोणेरे किंवा रत्नागिरीत शिकणाऱ्या मुलांना आणि कुडाळात एकट्यानं काम करणाऱ्या डेव्हलपरला ते हवं असतं. ते लिहायला आणि टिकवायला, मजकुराच्या फाइलींची वेबसाइट बनवणारं ह्यूगो हे साधन आणि ती वेबसाइट जालावर ठेवणारी गिटहब पेजेस ही सेवा कितपत उपयोगी, हे इथे पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगतो. इथली वीज आणि इथलं नेटवर्क पाहता ही जोडी फार चांगली आहे. मराठीसाठी मात्र ती तयार स्थितीत येत नाही. काही ठिकाणी हात घालावा लागतो, आणि नेमक्या त्याच जागी माणसं कंटाळून इंग्रजीकडे वळतात.

ह्यूगो गो भाषेत लिहिलेलं आहे. स्टीव्ह फ्रान्सिया यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं आणि ते मुक्त स्रोत आहे. मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा वापरून, लिहिलेल्या फाइलींची ते साधी एचटीएमएल पानं करून देतं. सर्व्हरवर पीएचपी नको, डेटाबेस नको. कोकणासाठी सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे संपूर्ण प्रोग्राम एकाच फाइलीत मावतो. पेनड्राइव्हवर घालून मित्राला दिला की झालं. नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवर बेतलेल्या साधनांत प्रकल्प उघडताच शेकडो पॅकेजं उतरवावी लागतात, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, एका कांडीच्या रेंजमध्ये, तिथेच दुपार जाते. जेकिल हे असंच दुसरं साधन चांगलं आहे, पण ते ज्या रूबी भाषेत आहे तिच्या आवृत्त्या जुळवताना नवशिक्या थकतो. वर्डप्रेसला सर्व्हर सतत चालू असावा लागतो आणि त्याची देखभालही.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत गेलं, त्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. एवढं मोठं संकट नसलं तरी आषाढात वीज जाणं ही इथली रोजची गोष्ट. अशा दिवसांत ह्यूगोचं काम थांबत नाही. ‘ह्यूगो सर्व्हर -डी’ ही आज्ञा दिली की स्वतःच्याच लॅपटॉपवर, १३१३ या पोर्टवर, साइट दिसते. फाइल जतन केली की पान आपोआप ताजं होतं. इंटरनेट लागत नाही. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात कमिट करायलाही, म्हणजे बदल नोंदवायलाही, लागत नाही. लागतं ते फक्त पुश करताना, म्हणजे ते बदल गिटहबवर पाठवताना, आणि निव्वळ मजकुराचं कमिट काही किलोबाइटचं असतं. रेंज आली की क्षणात जातं.

एक अट आहे: फॉन्ट आपल्या फोल्डरात हवेत. बऱ्याच थीम, म्हणजे साइटच्या रूपाचे तयार साचे, गूगल फॉन्ट्सचा दुवा लावतात. नेट नसताना तो दुवा मुका राहतो, ब्राउझर मिळेल तो देवनागरी फॉन्ट घेतो, आणि ओळींची उंची, शीर्षकं सगळं वेगळं दिसतं. फॉन्टची डब्ल्यूओएफएफ२ फाइल ‘स्टॅटिक’ फोल्डरात ठेवा आणि सीएसएसमधून, म्हणजे पानाच्या सजावटीच्या फाइलीतून, तीच वापरा. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही मजकुराला चांगले. फॉन्ट छाटून लहान करणार असाल तर युनिकोडमधला ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा ठेवाच, शिवाय २००सी आणि २००डी ही दोन अदृश्य चिन्हंही ठेवा. ती गाळली की काही जोडाक्षरं विस्कटतात, आणि का विस्कटली ते डोळ्यांना कळत नाही.

ह्यूगोची मूळ भाषा इंग्रजी असते. कॉन्फिग फाइलीत, म्हणजे साइटच्या सेटिंगच्या फाइलीत, ती बदलून ‘एमआर’ हा मराठीचा संकेत द्या. पण तेवढ्यानं भागत नाही. बऱ्याच थीममध्ये एचटीएमएल टॅगवरचं, पानाची भाषा सांगणारं ‘लँग’ सरळ ‘ईएन’ असं छापलेलं असतं. ते टेम्प्लेटमध्ये जाऊन बदलावं लागतं. याचा संबंध नुसत्या शिस्तीशी नाही. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श स्वतंत्र ठेवलेले आहेत, तो फॉन्ट भाषा मराठी असल्याचं कळल्यावरच ते वापरतो, नाहीतर हिंदी वळण येतं. वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरंही याच खुणेवरून आवाज निवडतात. डोळ्यांनी न पाहू शकणाऱ्या वाचकासाठी ही एक ओळ सगळ्या सजावटीपेक्षा महत्त्वाची आहे.

सीएसएसमध्ये आणखी तीन गोष्टी तपासा. शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर ते शून्य करा, कारण त्यानं शिरोरेषा तुटते. ओळीची उंची १.६ ते १.८ ठेवा, इंग्रजीसाठी बेतलेल्या १.४ मध्ये वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. आणि तिरपी अक्षरं बंद करा. देवनागरी फॉन्टात तिरपं रूप सहसा नसतंच, ब्राउझर ते ओढूनताणून वाकवतो. जोर द्यायचा तर ठळक पुरे.

आता फ्रंट मॅटर, म्हणजे फाइलीच्या डोक्यावरचा शीर्षक-तारखेचा तुकडा. मराठी कीबोर्डवरून लिहिताना इथे तीन चुका वारंवार होतात. पहिली, तारखेत देवनागरी अंक. ते ह्यूगोला तारीख म्हणून वाचता येत नाहीत आणि बिल्ड, म्हणजे पानं बनवण्याचं काम, तिथेच अडतं. दुसरी, वर्ड किंवा मोबाइलमधून चिकटवलेल्या मजकुरातली वाकडी अवतरणचिन्हं. तिथे सरळ चिन्हंच चालतात. तिसरी सर्वात फसवी: अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाइप होतो. दिसायला जवळजवळ सारखे, पण संगणकाला विसर्ग हा अक्षराचाच भाग वाटतो. चूक ज्या ओळीत दाखवली जाते ती ओळ नजरेला निर्दोष दिसते. अशा वेळी त्या ओळीतली सगळी विरामचिन्हं पुसून इंग्रजी कीबोर्डवरून पुन्हा टाइप करणं हाच जलद उपाय.

लिहिलेलं पान जालावर दिसत नाही, ही तक्रार सर्वात जास्त वेळा येते. कारणं दोन, आणि दोन्हींत ह्यूगो चूक झाल्याचं सांगत नाही, पान गुपचूप वगळतो. एक म्हणजे ‘ड्राफ्ट’ खरं असं राहून गेलेलं असतं; नवीन फाइल ह्यूगो त्याच स्थितीत बनवतो, आणि वर दिलेल्या आज्ञेतला ‘-डी’ मसुदेही दाखवतो, म्हणून घरी ते दिसतं. दुसरं कारण वेळेचं. तारखेला वेळविभाग लिहिलेला नसेल तर ह्यूगो ती जागतिक प्रमाणवेळ समजतो. सकाळी दहा वाजता लिहिलेलं पान त्याच्या हिशेबानं आपल्या दुपारी साडेतीनचं ठरतं, आणि भविष्यातली पानं तो छापत नाही. कॉन्फिगमध्ये ‘टाइमझोन’ एशिया/कोलकाता असा लिहून टाका, म्हणजे ही साडेपाच तासांची भानगड मिटते. संशय असेल तर ‘ह्यूगो लिस्ट फ्यूचर’ आणि ‘ह्यूगो लिस्ट ड्राफ्ट्स’ या आज्ञा वगळलेली पानं दाखवतात.

पानाचा पत्ता रोमन अक्षरांत ठेवावा असं आमचं ठाम मत आहे, मजकूर अस्सल मराठीत असला तरी. यात भाषेचा कमीपणा नाही, हिशेब आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह ३ अक्षरांचा होतो. ‘परीक्षण’ या शब्दात ७ चिन्हं आहेत, म्हणजे तो एकटा ६३ अक्षरं खातो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला असा दुवा अर्धा पडदा व्यापतो आणि लोकांना तो संशयास्पद वाटतो. फ्रंट मॅटरमध्ये ‘स्लग’, म्हणजे पत्त्याचा शेवटचा भाग, रोमनमध्ये द्या. फाइलीचं नावही तसंच ठेवलेलं बरं: लिनक्सवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, ८५ चिन्हांच्या पुढे मराठी शीर्षक फाइलीचं नाव होऊ शकत नाही. मराठी नावं ठेवायचीच असतील तर गिटमध्ये ‘कोअर डॉट कोटपाथ’ बंद करा, नाहीतर यादीत नावाऐवजी आकड्यांची रांग दिसते. आणि ह्यूगोच्या कॉन्फिगमधलं ‘रिमूव्ह पाथ ॲक्सेंट्स’ चुकूनही सुरू करू नका. ते युरोपीय अक्षरांवरच्या खुणा काढण्यासाठी आहे. देवनागरीतले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त त्यात वाहून जातात.

लेखनातलं एक खास मराठी दुखणं इथे सांगायलाच हवं. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन रीतींनी साठवला जातो: नुक्तावाल्या ऱ पासून, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडक (वरचं २००डी) लावून. ‘ॲप’ मधला ॲ सुद्धा तसाच, एकसंध किंवा अ ला जोडकासह चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही एकच, पण शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. कुठला कीबोर्ड काय लिहितो ते वेगवेगळं असतं, म्हणून दोन-तीन जण मिळून लिहीत असतील तर गोंधळ हमखास. एकच रीत ठरवा, आणि प्रत्येक कमिटच्या आधी चालणारी शोध-बदल करणारी छोटी स्क्रिप्ट लावा. साइटवरच्या शोधासाठी पेजफाइंड ह्यूगोबरोबर चांगलं चालतं, मात्र मराठीचं सामान्यरूप त्याला कळत नाही. ‘साचा’ शोधणाऱ्याला ‘साच्यात’ मिळणार नाही. महत्त्वाचे शब्द मूळ रूपात निदान शीर्षकात किंवा सारांशात येतील असं लिहा.

सारांशाचं म्हणाल तर ह्यूगो मुकाट ७० शब्दांच्या आसपास मजकूर उचलतो. त्यावर विसंबू नका, स्वतः लिहा. वाचनवेळही तो मिनिटाला २१३ शब्द धरून काढतो; मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, शब्द लांब होतात, म्हणून निघालेल्या मिनिटांचा आकडा कमी भासतो. आम्ही तो दाखवतच नाही.

गिटहब पेजेसची बाजू. सार्वजनिक रिपॉझिटरीला, म्हणजे गिटमधल्या प्रकल्पाच्या खुल्या फोल्डराला, सेवा फुकट, एचटीटीपीएसची सुरक्षित जोडणी फुकट, स्वतःचं डोमेन लावता येतं. साइटचा आकार १ जीबीच्या आत आणि महिन्याला साधारण १०० जीबी वाहतूक, ही मर्यादा मजकुराच्या साइटला कधी जाणवत नाही. सेटिंग्जमध्ये पेजेसचा स्रोत ‘गिटहब ॲक्शन्स’ निवडा (पुश झाल्यावर साइट आपोआप बनवणारी सोय) आणि तिला पायऱ्या सांगणारी ह्यूगोची तयार वर्कफ्लो फाइल घ्या. मग तिच्यात चार जागा तपासा. थीम सबमॉड्यूल, म्हणजे आत जोडलेली वेगळी रिपॉझिटरी, असेल तर चेकआउटमध्ये, म्हणजे फाइली आणण्याच्या पायरीत, सबमॉड्यूल ‘रिकर्सिव्ह’ हवेत, नाहीतर पानं कोरी निघतात. ‘फेच डेप्थ’ शून्य हवी. मूळ किंमत १ असल्यानं फक्त शेवटचं कमिट येतं आणि गिटवरून घेतलेली ‘शेवटची दुरुस्ती’ सर्व पानांवर एकच तारीख दाखवते. बेस यूआरएलमध्ये, म्हणजे साइटच्या मूळ पत्त्यात, रिपॉझिटरीचं नाव विसरलं की सीएसएस सापडत नाही आणि साइट नागडी दिसते. आणि ह्यूगोची आवृत्ती आकड्यानं बांधून ठेवा. हे साधन झपाट्यानं बदलतं. एप्रिल २०२५ च्या ०.१४६ मध्ये टेम्प्लेटांच्या फोल्डरांची रचनाच बदलली. कुणीतरी आवडीनं बनवलेली आणि मग सोडून दिलेली थीम अशा वेळी कोसळते. ह्यूगोबद्दलची आमची सर्वात मोठी नाराजी हीच आहे.

या जोडीचं खरं सुख मात्र दुरुस्तीत आहे. प्रत्येक पानाखाली ‘दुरुस्ती सुचवा’ असा दुवा ठेवता येतो, तो गिटहबवरच्या त्याच फाइलीच्या संपादनाकडे नेतो. सावंतवाडीतला डेव्हलपर अलिबागच्या मैत्रिणीच्या टिपणातली चुकलेली आज्ञा सुधारून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवतो, कोणी काय बदललं ते कायमचं नोंदलं जातं, आणि श्रेय ज्याचं त्याला मिळतं. व्यवसायातल्या माणसांनी एकमेकांचं लिखाण तपासण्याची याहून प्रामाणिक रीत आम्हाला माहीत नाही. वाचकाला गिट येत नसेल तर मात्र हे दार बंद राहतं. म्हणून ज्याला स्वतः मजकूर बदलायचा आहे अशा होमस्टेवाल्या काकांना ही जोडी देऊ नका.

आंब्याच्या विक्रीसाठीही नको. गिटहबच्या अटींनुसार पेजेस ही व्यापार चालवायची फुकट जागा नाही. हापूसच्या ऑर्डरी आणि पैसे घेणारी साइट वेगळ्या होस्टिंगवर ठेवा. ती कशी बांधली याचं टिपण खुशाल इथे लिहा.

मे संपायच्या आत एक काम उरकून घ्या. पेनड्राइव्हवर ‘गिट क्लोन --बेअर’ करून रिपॉझिटरीची दुसरी प्रत ठेवा आणि तिला रिमोट म्हणून, म्हणजे पुश करायचं आणखी एक ठिकाण म्हणून, जोडा. तिच्यावर पुश करायला नेट लागत नाही. तीच प्रत, सोबत ह्यूगोची ती एक फाइल आणि आवृत्तीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटमाळ्यावर ठेवा.