दुधाच्या दाढेवर कॅप: स्टीलची की पांढरी?

आमच्या मुलीच्या तोंडात सध्या दोन्ही आहेत. खाली डावीकडे पांढरी झिर्कोनियाची, म्हणजे सिरॅमिकची, उजवीकडे स्टीलची. हौस म्हणून नव्हे. पहिली आम्ही ठरवून घेतली आणि दुसरीच्या वेळी माझं मत बदललं. तेव्हापासून इथे गोव्यात, फोंड्यात ओळखीतल्या कुणाच्या पोराची दाढ किडली की फोन मला येतो. मी काही डॉक्टर नव्हे, पण दोन्ही बाजूंना बसून पाहिलंय.

‘पडायचाच दात आहे, कॅप कशाला?’ हा वाद तुमच्या घरात मिटलाय असं धरून चालतो. मागची दुधाची दाढ वयाच्या 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते. आमची तेव्हा साडेपाचची होती.

दाढ काढून टाकायचा विचार असेल तर माझ्या भाच्याचं ऐका. तो साखळी गावात असतो. त्याची दुधाची पहिली दाढ काढली आणि जागा मिटू नये म्हणून बँड-लूप बसवला: मागच्या दाढेला कडं, त्याला पुढे तारेचा वेढा. काम करतो, नाही असं नाही. पण मे महिन्यात आजीने केलेल्या आंब्याच्या साटाने तो दोनदा उचकटून हातात आला. शिवाय दर थोड्या महिन्यांनी दाखवून आणायचा. आणि काढायची ती सगळ्यांत मागची दुधाची दाढ असेल, सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ अजून वर आलेली नसेल, तर कडं घालायला मागे दातच नसतो. मग हिरडीच्या आत जाणारं वेगळं उपकरण लागतं. वाचणारी दाढ वाचवावी, एवढंच म्हणतो.

आता कॅपचं. डावी दाढ पार आतल्या नसेपर्यंत किडलेली. रूट कॅनाल झालं आणि घरात सर्वानुमते पांढरी ठरली. डिसेंबरात माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं, आईला फोटोत चांदीचा दात नको होता. पैसे स्टीलच्या जवळजवळ तिप्पट सांगितले, तेही चालवून घेतले. खरं सांगायचं तर दिसायला ती सुरेखच आहे. शेजारचा दात कुठला आणि कॅप कुठली ते ओळखायला येत नाही. भोवतीची हिरडीही आजवर स्वच्छ, गुलाबी. स्टीलच्या कडेला हिरडी जरा लालसर राहते, तिथे ब्रश नीट फिरवावा लागतो. हा गुण पांढरीचाच.

मला खटकलं ते बसवताना. स्टीलचा पत्रा पातळ आणि लवचीक असतो. एकेका दाढेसाठी सहा मापं येतात, त्यातलं जवळचं घ्यायचं, कड पक्कडीने आत वळवायची, की टोपी दातावर घट्ट बसते. झिर्कोनिया वाकत नाही. तिथे टोपीच्या मापाचा दात करावा लागतो, म्हणजे चारी बाजूंनी आणि वरून जास्त घासावा लागतो, अगदी हिरडीच्या खालपर्यंत. हिरडी दुखावली की रक्त येतं, आणि रक्त लागलं की सिमेंट नीट धरत नाही. म्हणून माप बघायला वेगळ्या गुलाबी कॅप असतात. ती घाला, काढा, थोडं घासा, परत घाला. मग रक्त थांबेपर्यंत गॉज दाबून धरा.

माझ्या घड्याळात 50 मिनिटं झाली. रूट कॅनाल आधीच्या खेपेला झालेलं, ही नुसती कॅपची बैठक. सुन्न करायचं इंजेक्शन तिने सोसलं, डॉक्टरबाईंचा हातही हलका होता, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण जबड्यात रबराचा ठोकळा घालून पाच वर्षांच्या मुलीने तेवढा वेळ आ करून बसायचं! शेवटी शेवटी ती रडतही नव्हती, नुसता माझा अंगठा दाबत होती. संध्याकाळी पाव विकणाऱ्या पदेराचा भोंपू वाजला की एरवी गेटपाशी धावणारी पोर, त्या दिवशी चहात बुडवलेला उंडोसुद्धा तिला नको होता. जबडा भरून आला होता.

इथवर समजू शकतो. पुढचे तीन आठवडे मात्र ब्रश बघितला की ओठ घट्ट. बोट लावलं तरी मान फिरवायची. एका दाढेवर एवढा खर्च केला आणि उरलेल्या 19 दातांना रात्रीचा ब्रश बंद! माझं मत फिरलं ते इथे. झिर्कोनिया वाईट म्हणून नव्हे, तोंड उघडायची भीती आमच्या घरात महाग पडली म्हणून.

चार महिन्यांनी उजवी दाढ निघाली. तुलना अगदी सारखी नाही हे कबूल करतो: या दाढेची कीड आतल्या नसेपर्यंत गेली नव्हती, एक्स-रे काढून तसं बघून घेतलं होतं. अशा वेळी स्टीलची कॅप न घासता, न टोचता बसवता येते. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या डेंटिस्टबाईंच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते. कीड खरवडायचीच नाही, वरून सील करून टाकायची. आत साखर पोचत नाही, म्हणून ती पुढे सरकत नाही. माझा आधी विश्वास बसेना.

तीन दिवस आधी दोन दातांच्या फटीत निळ्या रबरी रिंगा घातल्या, जागा व्हावी म्हणून. एक रिंग शाळेच्या डब्याबरोबर पोटात गेली असावी, सापडली नाही. चौथ्या दिवशी सिमेंट भरलेली कॅप बोटाने दाबली, वर कापसाची गुंडाळी ठेवून ‘चाव जोरात’ म्हटलं, टक् असा आवाज आला. बाहेर आलेलं सिमेंट पुसलं. ‘आंबट लागतंय,’ एवढीच तक्रार. खुर्चीत जेमतेम 10 मिनिटं. रात्री ब्रश घेऊन स्वतः आली.

त्रास झालाच नाही असं नाही. न घासता बसवल्याने दाढ उंच होते, बाकीचे दात टेकत नाहीत. दोनेक आठवडे पेज आणि मऊ भातावर काढले, मग चावा आपोआप जुळला. आणि दिसतं ते दिसतंच. मार्दोळच्या जत्रेत एका मावशीने हनुवटी धरून विचारलं, “हें कितें गो, चांदयेचो दांत?” आईला लागलं. पोरीला नाही. बाकावरच्या मैत्रिणीने म्हणे पेन्सिलीने टकटक करून बघितलं.

समोरचे दात असतील तर मी स्टील सुचवणार नाही, तिथे पांढरंच हवं. मुलाला निकेलची ॲलर्जी असेल तरीही स्टील नको, त्यात निकेल असतं. आठ-नऊ वर्षांचं समजूतदार मूल असेल किंवा पूर्ण भूल देऊन एकदम पाच-सहा दात करायचे असतील, तर बसायच्या वेळेचा प्रश्नच उरत नाही, मग खिसा बघून ठरवा. दुसरं मत हवं असल्यास बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. सकाळी लवकर निघा.

गेल्या आठवड्यात तिच्या वरच्या दाढेवर तपकिरी ठिपका दिसला. ती दाढ हसताना दिसते. आई पांढरीच म्हणते. काल निळ्या रिंगा घालून आलोय, आईला गुरुवारी कॅप बसल्यावर सांगेन.